अभद्र बोलणाऱ्याची बाजू

पडेगावात संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या निवृत्त मंडळींत मृत्युपत्राचा विषय काढून पाहा. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी हटकतोच, ‘तिन्हीसांजेला काय अभद्र बोलता हो!’ आणि गाडी गुडघेदुखीवर जाते. हीच मंडळी एलआयसीचे हप्ते वर्षानुवर्षं बिनचूक भरत आलेली असतात. आपल्यामागे घरच्यांना रक्कम किती मिळेल, हा हिशेब चालतो. पण व्हेंटिलेटर लावायचा की नाही, कुठल्या स्मशानात न्यायचं, घराचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत, हे विचारलं की अपशकुन होतो! मला ही सरळसरळ टाळाटाळ वाटते, आणि ती निस्तरायला लागते बायकापोरांना.

दुसरा आक्षेप जरा शिकलेल्यांचा. म्हणे हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्याकडे असलं काही नव्हतं. असं म्हणणाऱ्याने पडेगावावरून दौलताबादकडे जाणारा रस्ता तसाच पुढे खुलताबादपर्यंत धरावा. औरंगजेब 1707 मध्ये भिंगारला मेला आणि त्याला तिथून इतक्या लांब आणून शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनाला घ्या, कुराणाच्या नकला करून मिळालेले 305 रुपये गरिबांत वाटा, इथपर्यंत तपशील आहे. त्याच्या राज्यकारभाराबद्दल ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हणावं. गादीवरून मुलांची लढाई व्हायची ती झालीच, पण कफनाच्या खर्चावरून वाद व्हायला त्याने जागा ठेवली नाही. बरं, हे उदाहरण घशाखाली उतरत नसेल तर संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध स्वतः उरकतो, ही चाल आपल्याच धर्मशास्त्रातली आहे. आपला देह विद्युतदाहिनीत द्यावा, आपल्यासाठी हरताळ करू नये, हे सावरकरांनीही आधीच सांगून ठेवलं होतं.

तिसरा आक्षेप मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. ‘भावकी बघून घेईल.’ गावात ती खरंच बघत होती. तिरडी कोण बांधणार, लाकडं कुणाच्या शेतातून येणार, मडकं कुणी धरायचं, हे कुणाला विचारावं लागत नसे. पडेगावच्या नव्या कॉलन्यांत कुणी कन्नडहून आलेलं, कुणी वैजापूरहून, कुणी नोकरीपायी थेट लातूरकडून. इथे शेजार चांगला आहे, भावकी नाही. रात्री दीड वाजता वरच्या मजल्यावरचे काका गेले तर चार घरं धावून येतात, चहाचा थर्मास येतो, खुर्च्या येतात. आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. काका लिंगायत, म्हणजे दहन नव्हे, दफन. ते इथे करायचं की मूळ गावी न्यायचं? मुलगा पुण्याहून निघालाय, तो फोन उचलत नाही. बाकी पाहुण्यांचे नंबर काकांच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइलला लॉक. घरी मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र डॉक्टरकडून घ्यावं लागतं, पण काकांचे नेहमीचे डॉक्टर कोण हे काकूंना आठवत नाही. त्यांना या घडीला स्वतःचं नावही आठवणं कठीण. पहाटे कपाटातल्या फाइलमध्ये नेत्रदानाचं कार्ड सापडतं. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. ते तास रडण्यात आणि फोन लावण्यात गेलेले असतात.

देहदानाचंही तेच. घाटी रुग्णालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा अर्ज भरला की काम संपलं, अशी समजूत आहे. मेल्यावर फोन करायचा असतो घरच्यांनीच, आणि त्यांनीच नाही म्हटलं तर अर्जाचा कागद काही करू शकत नाही. म्हणून अर्जापेक्षा घरात एकदा मोठ्याने बोलणं जास्त उपयोगाचं. दशक्रिया करायची तर कायगाव टोक्याला की पैठणला, की करूच नका, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावं. मागे राहिलेल्यांत निम्मी भांडणं तेराव्याच्या जेवणावरून होतात.

‘नॉमिनी लावलाय ना, मग झालं,’ म्हणणाऱ्यांसाठी एकच दाखला पुरे. ज्यांचं ‘कालनिर्णय’ घरोघरी भिंतीवर असतं, त्या जयंत साळगावकरांच्या वारसांतला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला, की नॉमिनी म्हणून नाव असल्याने कुणी मालक होत नाही. मालमत्ता वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राप्रमाणेच जाते.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. ‘उपचार थांबवा असं लिहून दिलं तर पोरं बिलाच्या भीतीने उद्याच नळ्या काढतील.’ ही भीती खोटी नाही. आयसीयूचं रोजचं बिल पाहिलेल्या माणसाला तर मुळीच खोटी वाटणार नाही. पण कागद नसताना काय होतं तेही पाहा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या हल्ल्यानंतर 42 वर्षं खाटेवर होत्या. त्यांच्या वतीने कोण बोलणार, दयामरणाची याचिका करणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी की केईएमचे कर्मचारी, हे सर्वोच्च न्यायालयाला 2011 मध्ये ठरवावं लागलं. न्यायालयाने कर्मचाऱ्यांचं ऐकलं. पंचविशीतल्या मुलीने काही लिहून ठेवावं, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण सत्तरीतल्या माणसाने आपल्या वतीने कोण बोलणार हे दुसऱ्यांवर सोडावं, याला काय म्हणायचं?

त्याच खटल्याने उघडलेल्या वाटेवर 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने लिव्हिंग विलला, म्हणजे उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये तिची पद्धत सोपी केली. पोरांच्या हाती यात कात्री दिलेली नाही. माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवर हा कागद बोलतच नाही. सुधारणेची आशा उरली नाही, हे आधी रुग्णालयाचं डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, मग दुसरं मंडळ तपासतं, आणि त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला बाहेरचा डॉक्टर असतो. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं. आणि उलटही लिहिता येतं बरं का: शेवटपर्यंत सगळे उपचार करा, असं वाटणाऱ्यानेही ते सांगून ठेवावं. काहीच न सांगणाऱ्याच्या खाटेशी ज्याचा आवाज मोठा, त्याचा निर्णय चालतो. बहुधा तो लांबून आलेला, वर्षभर न फिरकलेला नातेवाईक असतो.

या कागदाची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अभिरक्षकाकडे द्यायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर राज्य सरकारने असे अधिकारी नेमले. आपल्या महापालिकेत ते कोण आहेत, हे कट्ट्यावरच्या मंडळींनी एकदा जाऊन विचारावं. विचारणारे वाढले की खिडकीवरचा माणूसही नीट उत्तर देऊ लागतो. लिव्हिंग विलला एक नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मृत्युपत्राला तर मुद्रांकही लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही. साक्षीदार मात्र दोन्हींना दोन-दोन लागतात, आणि सही तुम्ही शुद्धीवर असतानाच करावी लागते.