मराठी सिनेमा चालत नाही म्हणता? आधी लावा तर खरं!

अलीकडे पाहिलेल्या चार सिनेमांबद्दल आधी थोडक्यात मत सांगतो, मग भांडणाचा मुद्दा. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

छावा : विकी कौशलने जीव तोडून काम केलंय, त्याबद्दल वाद नाही. सुरुवातच बऱ्हाणपूरच्या स्वारीने होते. मोगलांच्या खानदेश सुभ्याचं ते मुख्य ठाणं, म्हणजे गोष्ट आपल्या अंगणातली. पण पुढे आवाज जास्त आणि माणसं कमी. येसूबाईंच्या वाट्याला आणखी प्रसंग हवे होते. एकदा बघायला हरकत नाही.

सुपरबॉईज ऑफ मालेगाव : फार आवडला. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन 'शोले'ची नक्कल करणारी यंत्रमागाच्या गावातली पोरं. रीमा कागतीने त्यांना हसण्यावारी नेलं नाही, हे महत्त्वाचं. मालेगाव आपल्यापासून किती लांब आहे हो? तरी आपल्यातल्या किती जणांना नासिर शेख हे नाव माहीत होतं?

स्थळ : जयंत सोमलकरचा पहिलाच सिनेमा. चंद्रपूर जिल्ह्यातलं त्याचं स्वतःचं डोंगरगाव आणि तिथलीच माणसं. पोरीला शिकायचंय, बापाच्या कापसाला भाव नाही आणि दर काही दिवसांनी पाहुणे येऊन तेच ते प्रश्न विचारतात : नाव काय, उंची किती, विषय कोणते. प्रत्येक वेळी पोर पाटावर बसते आणि आपणच खाली बघतो. भाषा वऱ्हाडाकडची, पण घर आपलंच. असा पोहे-चहाचा कार्यक्रम शहादा तालुक्यात कोणत्या घरात झाला नाही, सांगा.

मंथन : जुना, १९७६ चा, श्याम बेनेगलांचा. पुन्हा पाहिला. त्याच्यावर खाली येतो.

आता मुद्दा. 'स्थळ' मार्च २०२५ मध्ये लागला. मला तो बघायला पुणं गाठावं लागलं. इकडे एका थेटरवाल्याला विचारलं तर म्हणे, "भाऊ, मराठीला पब्लिक येत नाही." आणि आपले व्हॉट्सॲपवरचे जाणकारही तेच म्हणतात, मराठी सिनेमात काही राम उरला नाही. न बघताच! बघितला तरी टेलिग्रामवरची चोरीची कॉपी, तीही पुढे ढकलत ढकलत.

पब्लिक येत नाही हे खोटं आहे. २०१६ मध्ये 'सैराट'ला लोक गाड्या भरभरून गेले, तेव्हा त्यातल्या पोरापोरीला कोण ओळखत होतं? पब्लिक येतं, पण सिनेमा समोर असला तर. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा' चालला म्हणून 'येरे येरे पैसा ३'चे खेळ उतरवले गेले, ते थेट मुंबईत. तिथे ही गत, तर आपल्याला कोण विचारतो? सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमा दाखवायची सक्ती केली. छान. पण तो नियम मल्टिप्लेक्सचा. खेड्यातल्या माणसाच्या हातात त्यातून काय पडलं?

आणि पुढाऱ्यांचं बघा. 'छावा'चे फुकट खेळ राज्यभर लावले गेले. लावा, आनंद आहे. पण त्याच वर्षी 'फुले' आला. आधी आक्षेप, मग तारीख पुढे, सेन्सॉरने शब्द बदलायला लावले. त्याची तिकिटं वाटायला अशी रांग लागलेली कुठे दिसली? भाषणात दर दोन वाक्यांना 'फुले-शाहू-आंबेडकर' म्हणायचं आणि खिशात हात घालायची वेळ आली की गप्प. म्हणजे सिनेमा कोणता बघायचा हेसुद्धा आपल्याला दुसराच ठरवून देणार.

आता 'मंथन'. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये काढले आणि हा सिनेमा उभा राहिला. त्यात बिंदूचं काम करणारी स्मिता पाटील म्हणजे आपल्या शेजारच्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक. २०२४ मध्ये तो दुरुस्त होऊन कानच्या महोत्सवात दाखवला गेला. आणि गोष्ट कशाची? सोसायटी कोणाची, सरपंचाची की दूध घालणाऱ्या दलित वस्तीची, याची. पन्नास वर्षं होत आली तरी हा प्रश्न शिळा झाला नाही. म्हणूनच तो आपल्याकडे दाखवायला हवा.

पुरुषोत्तमनगर हे गावच सहकारातून उभं राहिलं. पी. के. अण्णांच्या काळात शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून माळावर साखर कारखाना उभा केला. त्या गावाला महिन्यातून एक सिनेमा दाखवणं जड आहे का? एक हॉल, एक प्रोजेक्टर, एक पांढरा पडदा. निर्मात्याला रीतसर विचारायचं, त्याचे पैसे द्यायचे, तिकीट २० रुपये. पहिला 'स्थळ', दुसरा 'मंथन'. पुढच्या रांगा बायका-पोरींना राखीव. पाड्यावरच्या आणि ऊसतोडीच्या मुलांना फुकट. संपल्यावर अर्धा तास तिथेच वाद घालू.

डीजेला आणि फ्लेक्सला वर्गणी निघते, भो. मग याला का नाही? शनिवार चालेल की रविवार, तेवढं कमेंटमध्ये लिहा. आणि "मराठी सिनेमा चालत नाही" असं लिहिणाऱ्याने शेवटचा कोणता तिकीट काढून पाहिला, तेही सांगावं.