चाळीस गुणांचं नागरिकशास्त्र

दहावीच्या मुलांना राज्यशास्त्राबद्दल विचारलं, की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: ‘पाठ करायचं आणि लिहून यायचं.’ इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका. त्यातही मोठा वाटा इतिहासाचा. ग्रामसभेची व्याख्या बिनचूक लिहिणाऱ्या कित्येकांनी ग्रामसभा पाहिलेली नसते. २६ जानेवारीला झेंडावंदन होतं, मुलं खाऊ घेऊन घरी जातात आणि अनेक गावांत त्यानंतर ग्रामसभा भरते. शिक्षकांनी त्यांना तासभर थांबवून घेतलं, तर पाणीपट्टीवरून होणारी खडाजंगी पुस्तकातल्या पानभर मजकुराहून अधिक शिकवेल.

मुलांना रस नसतो, हे मोठ्यांचं म्हणणं पटत नाही.

२०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने महात्मा गांधींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी कोणत्या आदेशाने दिली, असं माहिती अधिकारात विचारलं. तिचा अर्ज पंतप्रधान कार्यालयातून गृह मंत्रालयात आणि तिथून राष्ट्रीय अभिलेखागारात फिरला. तशी नोंद सापडत नाही, असं उत्तर तिला मिळालं. केंद्र सरकारकडे अर्ज करायला शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत साधारणपणे ३० दिवस. शाळेसमोरचा खड्डा कधी बुजणार, हे महाराष्ट्रातल्या नववीच्या वर्गालाही असंच लेखी विचारता येईल. त्या पत्रावर मिळालेला आवक क्रमांक हा खरा धडा!

मतदार नोंदणीचंही तसंच. सतरा वर्षं पूर्ण झाली, की आगाऊ अर्ज करता येतो. हे बारावीच्या वर्गात कुणीतरी सांगायला हवं.