तीन माश्या, एक चॅनल

मी पडले कॉन्व्हेंटवाली. माझ्या लेखी मधमाशी म्हणजे 'बी', विषय संपला! पण आमच्या माळीकाकांनी कॅम्पसवरच्या तीन वेगवेगळ्या जाती मला नावानिशी दाखवल्या. कुंपणाच्या मेंदीत एवढंसं एकच पोळं लटकवणारी फुलोरी, जुन्या वर्कशॉपच्या भिंतीतल्या पोकळीत एकाशेजारी एक अशी पोळी बांधणारी सातेरी आणि पाण्याच्या टाकीखाली भलंमोठं मोहोळ टांगणारी आग्या.

तिघी एकाच घराण्यातल्या, 'एपिस' हे त्यांचं आडनाव! जागा वाटून घेतल्या, इथवर समजलं. खरी गंमत पुढेच आहे. राणीमाशीचं मीलन उडता उडता हवेत होतं आणि नरांना ओढणाऱ्या तिच्या गंधातलं मुख्य रसायन तिन्ही जातींत एकच असतं. म्हणजे सिग्नल एक, चॅनल एक. मग घोटाळा कसा होत नाही? श्रीलंकेतल्या अभ्यासकांनी १९७६ साली वेळाच मांडून दाखवल्या. फुलोरीचे नर उडतात दुपारी १२ ते २.३० च्या सुमारास, सातेरीचे ४.१५ ते ५.१५ आणि आग्याचे संध्याकाळी ६ नंतर, अंधार पडता पडता. अहो, हे तर टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग! जीएसएमने एका फ्रिक्वेन्सीवर ८ टाइम स्लॉट पाडले, त्याचं कौतुक आपण पेपरात पानभर लिहितो. या बायकांनी ते कधीच करून ठेवलंय.

आणि आपण काय केलं? गेल्या दिवाळीच्या सुटीत टाकीखालचं मोहोळ जाळलं. पंप आणलाच होता म्हणून सातेरी आणि फुलोरीवरही औषध मारून घेतलं!

आग्या खवळली तर जिवावर बेतू शकतं, मान्य. मलाही तिची भीती वाटतेच. पण ती काही कायमची भाडेकरू नाही, हंगाम संपला की आपणहून उठून जाते. तोवर टाकीकडचा जिना बंद ठेवला असता तर काय बिघडलं असतं? आणि सातेरीचा काय गुन्हा? महाबळेश्वरला लोक तिला पेटीत पाळतात, तिच्या मधावर घर चालवतात. फरक माहीत नसलेल्याच्या हातात पंप दिला की असंच होणार. (फरक मलाही कुठे माहीत होता म्हणा!)

वर्कशॉपची भिंत अजून रिकामीच आहे. आग्या मात्र यंदा परत आल्यात, त्याच टाकीखाली. पंपवाल्याला फोन करण्याआधी कुणीतरी माळीकाकांना विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे. ते सकाळी सातपासून गेटपाशीच असतात.