गालिचा अंथरण्यापूर्वी

चाकण, भोसरी, तळवडे परिसरात कारखान्यांतील अनेक कामगारांचे कुटुंब एका भाड्याच्या खोलीत राहते. स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास, सारे त्याच फरशीवर. फरशी गार लागते, उखडलेली दिसते. म्हणून जुन्या बाजारातून स्वस्त, वापरलेला गालिचा आणला जातो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर ही बचत महागात पडते.

गालिच्याच्या धाग्यांत धुळीतले सूक्ष्म माइट वाढतात. त्यांची लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर. माणसाच्या त्वचेचा गळलेला कोंडा हे त्यांचे अन्न. ते चावत नाहीत. पण त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे ॲलर्जी असलेल्यांना शिंका येतात, दमा बळावतो. पावसाळ्यातील दमट हवा त्यांना मानवते. खालून ओल आली, तर बुरशीही धरते. केरसुणीने झाडताना उडालेली धूळ जमिनीवर झोपणाऱ्या मुलाच्या श्वासात जाते.

त्यापेक्षा धुता येणारी सतरंजी बरी. ती नियमित धुवावी, कडक उन्हात वाळवावी. फरशी ओल्या फडक्याने पुसावी. प्लास्टिकचे आच्छादन चिकटवायचे असल्यास दारे-खिडक्या उघडी ठेवावीत आणि गॅस पेटवू नये, कारण अशा चिकटद्रव्याच्या वाफा अनेकदा ज्वलनशील असतात. वास जाईपर्यंत मुलांना तिथे झोपवू नये.

मुळात ओल आणि उखडलेली फरशी झाकण्याची वेळ भाडेकरूवर यावीच का? भाडे दरमहा घेणाऱ्या मालकाने ती दुरुस्त करून द्यायला हवी.