एकास एक

हळदीत शिसे सापडले की पहिला बचाव ठरलेला असतो. ते मातीतून आले असेल. पाण्यातून आले असेल. गिरणीतून आले असेल. थोडक्यात, कोणी घातलेले नाही. म्हणून कोणाला जाबही विचारायचा नाही.

हा बचाव एका गुणोत्तरापुढे टिकत नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या २३ शहरांतून घेतलेल्या हळदीच्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसे २ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत दोन भागांच्या, वर निघाले. त्यांतल्या ज्या नमुन्यांत शिसे बरेच जास्त होते, त्यांत क्रोमियमही होते, आणि दोन्हींचे अणू जवळपास सारख्याच संख्येने होते. शिशाचा एक, क्रोमियमचा एक. माती असा हिशेब ठेवत नाही. लेड क्रोमेट नावाच्या पिवळ्याजर्द रंगात मात्र नेमके हेच प्रमाण असते. हा रंग तेलरंग आणि प्लास्टिक यांच्यासाठी तयार होतो. पाटण्यात हळदीतले शिसे १००० पीपीएमच्या वर गेलेले आढळले. आपल्या कायद्याची मर्यादा १० पीपीएम आहे.

एकास एक, याचा अर्थ हळदीत शिसे आपोआप आले नाही. कोणीतरी पुडा फोडला आणि रंग ओतला. हळद शिजवून, वाळवून झाली की ती ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. फिकट हळकुंडाला तेज आणायची सोयीची जागा तीच. सौद्यात ढीग मांडला की बोली रंगावर लागते, आणि फिकट मालाला भाव मिळत नाही. म्हणजे विष कुठे शिरते आणि का शिरते, हे दोन्ही माहीत आहे. तरी आपण ते शोधतो दुकानातल्या पुडीत. तोवर दहा ठिकाणचा माल एकत्र दळलेला असतो, आणि रंग कोणी घातला हे कोणालाच सांगता येत नाही.

ओळखायचे साधन नवे नाही. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडतात. शिशाची ऊर्जा वेगळी, क्रोमियमची वेगळी. ती मोजणारे एक्सआरएफ यंत्र आज हातात धरता येते. हळकुंडावर टेकवले की दोन्ही आकडे थोड्याच वेळात पडद्यावर येतात. हळकुंड विरघळवावे लागत नाही, फोडावेही लागत नाही. अगदी सूक्ष्म मात्रा त्याच्या नजरेतून सुटू शकते. त्यासाठी प्रयोगशाळेतले आयसीपी-एमएस यंत्र हवेच, आणि न्यायालयात टिकणारा अहवालही तिथलाच. पण रंग चोळलेला ढीग बाजूला काढायला हातातले यंत्र पुरेसे आहे.

आजची पद्धत काय? निरीक्षक नमुना घेतो, सील करतो, पाठवतो. अन्न सुरक्षा कायद्याने विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस दिले आहेत. हळदीचा सौदा मात्र एका सकाळीत उरकतो. १४ दिवसांनी अहवाल येतो तेव्हा पोती विकलेली, दळलेली आणि बरीचशी खाल्लेलीही असतात.

बांगलादेशाने हे उलटे केले. २०१९ मध्ये तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे लोक एक्सआरएफ यंत्र घेऊन ढाक्याच्या श्यामबाजारात गेले. फिरते न्यायालय सोबत होते. ज्या मालात शिसे निघाले, तो जप्त झाला, घाऊक व्यापाऱ्यांना तिथेच दंड झाला, आणि हे सारे देशाने बातम्यांत पाहिले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. हळदीच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या रक्तातले शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. तीस वर्षांहून जुनी भेसळ दोन वर्षांत थांबली.

महाराष्ट्राला हे आणखी सोपे आहे. इथली हळद सांगली, हिंगोली, वसमत अशा मोजक्या बाजारांतून जाते. सांगलीत परराज्यांतलाही माल येतो. या ठिकाणी सौद्याआधी प्रत्येक ढिगाला यंत्र लावता येईल. इथल्या शेतकऱ्यावर संशय म्हणून हे करायचे नाही. उलट, रंग न लावता फिकट पण शुद्ध माल आणणारा शेतकरीच आज भावात मार खातो. तपासलेल्या ढिगाची पावती हाती पडली तर त्याला आपल्या मालाची बाजू मांडता येईल.

खर्चाचे कारण पुढे येईल. सोन्याचा कस पाहण्यासाठी हॉलमार्किंग केंद्रांत आणि सराफांच्या पेढ्यांवर हेच तंत्र कधीचे रुळले आहे. दागिन्यातल्या तांब्यासाठी जे परवडते, ते मुलांच्या ताटातल्या शिशासाठी परवडत नाही असे म्हणता येणार नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा माहीत नाही. लहान वयात मेंदूचे झालेले नुकसान पुढे भरून निघत नाही.

बाजार समित्या आणि अन्न व औषध प्रशासन यांनी मिळून पुढच्या हंगामाआधी प्रत्येक मोठ्या हळद बाजारात एक यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस द्यावा. ज्या ढिगात शिसे आणि क्रोमियम एकास एक दिसेल, त्याचा सौदा तिथेच थांबवावा आणि नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा. कायदा आहे, मर्यादा आहे, यंत्र आहे. आता ते बाजारात आणा.