पोराची बॅग कोण भरतं?



जुलै लागला की आमच्या जुन्या नाशकातल्या घराघरांत एकच वाद सुरू होतो. पोरांना कळसूबाईला जायचं असतं. अब्बूंना पावसात डोंगर चढणं हा शुद्ध वेडेपणा वाटतो. अम्मी कधी इकडून बोलते, कधी तिकडून. शेवटी रात्री उशिरा परवानगी मिळते आणि साडेदहाला बॅग भरायला घेतात. शाळेचं जुनं दप्तर, एक जीन्स, एक टॉवेल, मोबाईलचा चार्जर आणि अम्मीने बळेच कोंबलेला बिर्याणीचा डबा.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा असाच गेला होता, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स, वरून मोटारसायकलवर घालायचा रेनकोट. लोखंडी शिडीपाशी रेनकोट काखेत फाटला. माथ्यावर वारा एवढा की उभं राहवेना. उतरताना तो आधी कुडकुडत होता, मग गप्प झाला, मग विचारलं एक आणि सांगितलं भलतंच असं होऊ लागलं. सोबतच्या पोरांना वाटलं दमला असेल. एकाने तर नजर लागली म्हणून सांगितलं. नशीब म्हणून मागून दुसरा एक ग्रुप येत होता. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी त्याचे ओले कपडे काढायला लावले, आपला कोरडा स्वेटर घातला, वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि थर्मासमधला गोड चहा घोट घोट पाजला. तासाभरात पोरगा माणसात आला. घरी येऊन त्याने फक्त गमतीजमती सांगितल्या. मला हे कळलं सहा महिन्यांनी, तेही त्याच्या मित्राकडून.

थंडीने असं व्हायला बर्फ लागत नाही, ओले कपडे आणि वारा एवढंच पुरतं. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणजे घरातून निघताना जी हवा असते, तिच्यातून सहा अंश वजा करायचे आणि वर वारा व पाऊस धरायचा. सुती कापड पाणी धरून ठेवतं, जीन्स तर सगळ्यात वाईट. ती जड होते, वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात खेळाडू घालतात तसली पॉलिस्टरची ट्रॅकपँट आणि टी-शर्ट घालावा. तो महागातलाच हवा असं नाही.

बाहेरून बॅगेला कितीही कव्हर घाला, पाणी आत जातंच. खरा उपाय आतून करायचा. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी बॅगेत उघडून ठेवायची आणि सगळं सामान तिच्यात भरून तोंड पिळून बांधायचं. त्यातही एक कपड्यांचा जोड, मोजे आणि पातळ स्वेटर वेगळ्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि त्याला खाली उतरेपर्यंत हात लावायचा नाही. कुणी कुडकुडायला लागला तरच ती गाठ सुटली पाहिजे. छत्री घरीच ठेवा, शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. हरिहरला तर हे फारच खरं आहे. तिथल्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, बोटं अडकवायला खोबण्या आहेत, आणि एका खांद्यावर लटकणारी झोळी किंवा बाजूने बाहेर आलेली चटई मागच्याच्या तोंडावर आदळते. बॅग अरुंद हवी, दोन्ही खांद्यांवर हवी.

चपला, सँडल आणि क्रिकेटचे गुळगुळीत झालेले बूट नकोत. तळव्याला खोल खाचा असलेले बूट घ्या, आणि नवे घेतले असतील तर आधी आठवडाभर गल्लीत घालून फिरवा.

हिवाळ्याचं सोपं आहे असं वाटतं, पण रात्रीचा मुक्काम असेल तर फसायला होतं. आपल्या निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. भंडारदऱ्याच्या काठावर तंबूत झोपलात तर थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. त्यामुळे दोन गोधड्या अंगावर घेण्यापेक्षा एक अंगाखाली घातलेली बरी, तिच्याही खाली ताडपत्री. कानटोपी विसरू नका. दिवसभर चालून घामेजलेला बनियन झोपण्याआधी बदला. सकाळी बूट घालण्याआधी झटकून घ्या, विंचवालाही उबेची जागा आवडते.

मे महिन्यात सगळं उलटं. साल्हेर असो की अंजनेरी, वरच्या टाक्यांत पाणी मिळेल या भरवशावर जायचं नाही. माणशी तीन लिटर पाणी पाठीवरच न्यायचं. नुसतं पाणीही पुरत नाही, घामातून मीठ जातं. ओआरएसची पाकिटं घ्या. नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आमच्या घरी शरबत पुरे असं म्हणणारे आहेत, पण शरबतात मीठ नसतं. एक फायदा मात्र आपल्याला आयताच आहे. डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करून फजर पढून लगेच चढायला लागलं, तर ऊन तापायच्या आत माणूस माथ्यावर असतो. मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांनी टॉर्चवर लाल कागद चिकटवावा. आणि ते अभयारण्य आहे, तिथे शेकोटी करायची नाही.

आता आपल्या घरातल्या काही गोष्टी. एक म्हणजे अत्तर. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, आणि तीव्र वासाने व धुराने त्या माशा बिथरतात. डोंगरावर जाताना ना अत्तर, ना बॉडीस्प्रे. नमाजसाठी घरातला जाड मुसल्ला नेऊ नका, पातळ घडीची चादर पुरते. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. मोबाईलला रेंज नसली तरी साधं होकायंत्र चालतं. वजूचं पाणी पिण्याच्या पाण्यातून काढायची वेळ आली तर काय करायचं, हे निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून ठेवा, वर गेल्यावर वाद नको.

मुलींच्या बाबतीत "बुरख्यात कशी चढणार?" हे मी बऱ्याच तोंडून ऐकलं आहे. गुडघ्यापर्यंत सैल कुर्ता, घोट्याशी आवळलेली सलवार किंवा ट्रॅकपँट आणि टोकं आत खोचलेला स्कार्फ, एवढ्यात पडदाही राहतो आणि शिडीत काही अडकतही नाही. पॅड, जुने कागद आणि वापरलेलं परत आणायला एक गच्च बंद होणारी पिशवी प्रत्येकीकडे असावी, तारीख जवळ नसली तरी. आणि नेणारे कोण आहेत, सोबत बाई आहे का, हे विचारायला लाजू नका. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था आहे. पैसे घेऊन नेणाऱ्याला नोंदणी दाखवा म्हणावं.

भरलेली बॅग मुलाच्या वजनाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जड नको. चाळीस किलोच्या पोराला साडेसहा किलो. उन्हाळ्यात त्यातले तीन किलो पाण्याचेच, म्हणून बाकीचं काढत जा. खायला खजूर, गूळ-चणे, चपातीत गुंडाळलेला अंड्याचा पोळा. मटण उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही, आणि डोंगरावर पोट बिघडलं तर उतरवायचं कुणी?

भाचा या रविवारी पुन्हा चालला आहे. गुरुवारीच त्याने बॅग भरली आणि त्याच्या अब्बूंच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. सहा किलो दोनशे भरली. आपाने बिर्याणीचा डबा पुढे केला, तर म्हणाला, "अम्मी, परत आल्यावर. गरम."