मरळीला हवे स्वतःचे शिवार



पावसाळ्यात ओढ्यातून भातखाचरात चढणारी मरळ तुम्हाला नवी नाही. पण बोरिवली-मुलुंडला नोकरीला असलेली तुमची मुले सुट्टीवर आली, की नातवंडांच्या हट्टापायी मरळीची चार-सहा पिल्ले डब्यात घालून नेतात. काही महिन्यांत त्यांतले एखादेच उरते. एक-दोन उडी मारून फरशीवर मरतात, बाकीच्यांना दांडगे पिल्लू संपवते. म्हणून डबा भरण्याआधी या माशाचा स्वभाव समजून घ्या.

मरळ हद्द राखणारी आहे. बांध कोरला की आपल्याकडे भावाभावांत काठ्या निघतात, तसेच हिचे. ओढ्यात हरलेला मासा पळून जातो. काचेच्या पेटीत पळणार कुठे? तेव्हा एका पेटीत एकच मासा ठेवावा. एकत्र वाढलेल्या पिल्लांतून आपणहून जोडी जमली, तरच दोन.

जातही पारखून घ्या. मोठी मरळ मीटरभर वाढते. ती तळ्यातच शोभते. घरासाठी ओढ्यातली धाकटी जात घ्यावी. ती वीतभरच होते, परांना नारिंगी कड असते. या जातीचा नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यांतून मात्र मासा धरू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानातले वन्यजीव परवानगीवाचून बाहेर नेता येत नाहीत.

पेटी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असावी. पाणी फूटभरच भरा, वरचे तीन इंच मोकळे ठेवा. मरळ पाण्यावर येऊन हवा घेते. तो मार्ग बंद झाला तर ती पाण्यात असूनही गुदमरते. झाकण भोकांचे पण घट्ट हवे, वर वजन ठेवा. पंपाच्या नळीची फटही स्पंजाने बुजवा. एवढ्या पाण्याचेच वजन शंभर किलोंच्या वर जाते, तेव्हा डुगडुगत्या टेबलावर पेटी मांडू नका. आत धुतलेली वाळू, लपायला कौल किंवा फुटक्या मडक्याचा तुकडा आणि वर थोडी तरंगती पाणवनस्पती पुरे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते रुंद बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. माशाच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया साठतो. तो पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. कुणाच्या जुन्या, निरोगी पेटीतला गाळणीचा स्पंज मिळाला, तर तो नव्या पेटीत घालावा. दुधाला विरजण लागते तसे हे. वरची हवा घेत असल्याने मरळ घाण पाण्यातही तग धरते. पण कल्ले आणि कातडी भाजतच असतात. तिच्या तग धरण्यावर विसंबू नका. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला.

खाऊ म्हणून गांडुळे आणि कोलंबीचे बारीक तुकडे द्या. पिल्लांना रोज थोडे, वाढलेल्या माशाला एक दिवसाआड. उरलेले लगेच काढा. फवारणी झालेल्या शेतातले नाकतोडे किंवा गांडुळे कधीही देऊ नका. औषध माशाच्या पोटात जाते.

मुले अंधेरीकडे राहात असतील, तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था त्यांना ठाऊक असू द्या. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मत्स्यशास्त्राचे शिक्षण दिले जाते.

आणि कंटाळा आला म्हणून मासा पवई तलावात सोडू नका. पेटीतला रोग तिथल्या माशांना लागू शकतो. सांभाळणारा दुसरा घरधनी शोधा. एका माशासाठी एवढी जागा काढणे जमणार नसेल, तर नातवंडांना पावसाळ्यात गावी बोलवा आणि मरळ ओढ्यावरच दाखवा.